डोके तापले की संगणक रेंगाळतो का?

मे महिन्याची दुपार आहे असे समजा. सुट्टीतल्या विज्ञान शिबिरासाठी तुम्ही शाळेच्या संगणक-खोलीत बसला आहात. समोर दोन संगणक शेजारी शेजारी आहेत. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी विकत घेतलेले आणि दोन्ही 'ऑल-इन-वन' जातीचे. म्हणजे त्यांना वेगळी पेटी नाही. पडद्याच्या पाठीमागेच त्यांनी सगळा संसार थाटलेला आहे.

दोघांना एखादे छोटे काम सांगितले तर दोघे बरोबरीने धावतात. पण स्नेहसंमेलनाची लांबलचक चित्रफीत लहान आकाराची करण्याचे काम दिले, तर पहिला ते दहा मिनिटांत उरकतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पंधरा मिनिटे लागतात. दुसऱ्याच्या पाठीला हात लावावा तर तो चांगलाच गरम! "हा आता म्हातारा झाला, भंगारात काढा," असा शेरा कुणीतरी मारतो.

पण थांबा. म्हातारपण असते तर ते छोट्या कामातही दिसले असते. थोडा वेळ जोमाने पळायचे आणि मग धापा टाकायच्या, हे लक्षण कशाचे? शेरा कागदावर उतरण्यापूर्वी आपण या रुग्णाची नाडी तपासून पाहू.

सगळी वीज शेवटी उष्णताच

विजेच्या पंपाला वीज दिली की तो पाणी वर चढवतो. दिव्याला दिली की तो उजेड देतो. संगणकातल्या प्रोसेसरला, म्हणजे त्याच्या मेंदूला, वीज दिली तर तो काय करतो? तो हिशेब करतो. पण हिशेब ही काही उचलून ठेवायची वस्तू नव्हे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तर कुणालाच सुटलेला नाही. त्यामुळे प्रोसेसरमध्ये शिरलेली जवळजवळ सगळी विद्युत ऊर्जा अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते.

ही उष्णता किती असते? टेबलावरच्या संगणकातला एक नेहमीच्या जातीचा प्रोसेसर भरपूर काम असताना सुमारे ६५ वॅट उष्णता देतो असे धरा. म्हणजे दर सेकंदाला ६५ ज्यूल. आता पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी घ्या. ते २५ अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६३,००० ज्यूल उष्णता लागते. भागाकार करून पाहा. थोडीही उष्णता वाया गेली नाही, तर साधारण सोळा मिनिटांत हा प्रोसेसर तुमच्या चहाचे आधण ठेवील!

तुम्ही म्हणाल, ६५ वॅट म्हणजे एका जुन्या पद्धतीच्या दिव्याएवढीच तर शक्ती. त्यात एवढे काय? खरी अडचण शक्तीत नाही, ती जागेत आहे. इंटेल कंपनीची २०१३ सालची 'हॅसवेल' जातीची चार गाभ्यांची चिप घ्या. तिचे क्षेत्रफळ फक्त १७७ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढे. तिच्या जोरदार प्रकारांतून ८४ वॅट उष्णता बाहेर काढावी लागे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७ वॅट. आता १००० वॅटची कपड्यांची इस्त्री आठवा. तिचा तळ अंदाजे २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला पाचच वॅट येतात. नखाएवढ्या चिपवरची उष्णतेची दाटी इस्त्रीच्या नऊपटीहून अधिक झाली!

रांजणाचे गणित

मग चिप वितळून का जात नाही? हे समजण्यासाठी तळाजवळ छिद्र असलेला एक रांजण डोळ्यांपुढे आणा. वरून नळाची धार पडते आहे आणि खालच्या छिद्रातून पाणी गळते आहे. सुरुवातीला रांजण भरत जातो. पण पाण्याची पातळी जसजशी चढते तसतशी छिद्रातली धारही जोरात वाहू लागते. अखेर जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर जाते आणि पातळी एका जागी स्थिरावते.

चिपचेही असेच आहे. नळाची धार म्हणजे विजेमुळे निर्माण होणारी उष्णता. पातळी म्हणजे तापमान. छिद्र म्हणजे उष्णता बाहेर जाण्याची वाट. चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

अभियंते हे एका सोप्या सूत्रात मांडतात. प्रत्येक वॅटमागे चिप खोलीपेक्षा किती अंश अधिक तापते, त्या आकड्याला 'उष्णतारोध' म्हणायचे. मग

चिपचे तापमान = खोलीचे तापमान + (शक्ती × उष्णतारोध)

आपल्या दोन संगणकांसाठी सोयीचे आकडे घेऊन पाहू. पहिल्याचा उष्णतारोध दर वॅटला ०.८ अंश आहे असे धरा. शक्ती ६५ वॅट. गुणाकार ५२. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असेल तर चिप ७७ अंशांवर राहील. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली तर चिप ९२ अंशांवर जाईल. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे पहिला संगणक मे महिन्यातही कसाबसा तरून जातो.

आता दुसरा. त्याच्या जाळ्यांत खडूची पूड आणि धुळीची बुरशीसारखी लव भरली आहे आणि पंखा अडखळत फिरतो आहे. त्याचा रोध वाढून दर वॅटला ३ अंश झाला असे समजा. गुणाकार करा: ६५ × ३ = १९५. त्यात खोलीचे ४० मिळवा. २३५ अंश! इतक्या तापमानाला चिप टिकणार नाही. पण आपला दुसरा संगणक तर जळलेला नाही, तो फक्त रेंगाळतो आहे. हे कसे?

चिपच्या पोटातला तापमापक

आधुनिक प्रोसेसरच्या पोटातच तापमापक असतात. त्यांत पारा नसतो. सिलिकॉनच्या डायोडमधून ठराविक धारा सोडली तर त्याच्या टोकांमधले विभवांतर तापमान दर अंशाने वाढले की सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. एवढा सूक्ष्म फरक मोजून चिप स्वतःचा ताप ओळखते. मर्यादा जवळ आली की ती आपला वेग आपणच कमी करते. याला 'थ्रॉटलिंग' म्हणतात. मराठीत आपण 'लगाम ओढणे' म्हणू.

हा लगाम मोठा हुशारीचा आहे. चिपमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. त्यासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने अशी असते:

शक्ती = धारिता × विभवांतराचा वर्ग × वारंवारता

वारंवारता वाढवायची तर सामान्यतः विभवांतरही वाढवावे लागते. दोन्ही साधारण एकाच प्रमाणात बदलतात असे मानले, तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढवला तर १.२ × १.२ × १.२, म्हणजे जवळजवळ १.७३ पट उष्णता! उलट वेग १५ टक्क्यांनी कमी केला तर उष्णता ३८ टक्क्यांहून अधिक घटते. थोडे सोडायचे आणि पुष्कळ वाचवायचे, असा हा व्यवहार आहे.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. खोली ४० अंशांवर आणि मर्यादा १०० अंशांची. म्हणजे हाताशी ६० अंश उरले. रोध ३. तेव्हा चिपला फक्त ६० ÷ ३ = २० वॅट परवडतात. वीस वॅट म्हणजे ६५ वॅटचा सुमारे ०.३१ वा भाग. त्याचे घनमूळ येते सुमारे ०.६८. म्हणजे वेग अडुसष्ट टक्क्यांवर आला. दहा मिनिटांचे काम १० ÷ ०.६८, म्हणजे जवळजवळ पंधरा मिनिटांचे झाले. कोडे सुटले ना?

लक्षात ठेवा, घनाचा हा नियम अंदाजापुरता आहे. विभवांतर एका किमान मर्यादेखाली नेता येत नाही. तेथे पोचल्यावर वेग आणि शक्ती सारख्याच प्रमाणात घटतात आणि संगणक फारच मंदावतो. शिवाय तापलेल्या चिपमधून बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही अधिक धारा गळते, आणि ही गळती पुन्हा उष्णताच निर्माण करते.

आणि छोट्या कामात दोघे बरोबरीने का धावले? रांजण रिकामा असताना धार कितीही मोठी असली तरी काठापर्यंत भरायला थोडा वेळ लागतोच. चिपवर बसवलेला धातूचा ठोकळा तापेपर्यंतचा काळ हा तो वेळ. प्रोसेसर बनवणारेही याचा मुद्दाम फायदा घेतात. थोडा वेळ मर्यादेबाहेर जोर लावायचा, मग स्थिर वेगावर यायचे. आपला वेगवान गोलंदाज पहिली षटके जीव तोडून टाकतो आणि मग दम राखून गोलंदाजी करतो, तसेच हे आहे.

उष्णतेची वाट

चिपपासून खोलीपर्यंतचा उष्णतेचा प्रवास म्हणजे एक शर्यतच आहे. तिच्यातला प्रत्येक टप्पा पाहण्याजोगा आहे.

पहिला टप्पा चिप आणि धातूचा ठोकळा यांच्या सांध्याचा. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. म्हणून ही हवा हाकलण्यासाठी दोघांच्या मध्ये एक लेप लावतात. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने हा लेप वाळतो किंवा कडेला सरकतो, आणि मग वाटेत अडथळा उभा राहतो.

दुसरा टप्पा तांब्याच्या चपट्या नळीचा, म्हणजे उष्णतानलिकेचा. ही पोकळ असते. तिच्यातली हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी १०० अंशांच्या कितीतरी खाली उकळते. चिपजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. वाफ दुसऱ्या, थंड टोकाला धावते. तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि ती उष्णता सोडून देते. मग नळीच्या आतल्या अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पाणी माघारी येते. पंप नाही की चाक नाही! माठातले पाणी गार ठेवणारी अप्रकट उष्णता येथेही राबते आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नलिका नव्याने सिद्ध केली. अंतराळयानांतही ती वापरली गेली.

तिसरा टप्पा पातळ धातूच्या पाकळ्यांचा. पाकळ्यांमुळे हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढते. चौथा टप्पा पंख्याचा. संगणकातून एकूण १०० वॅट उष्णता न्यायची असेल आणि जाताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला आठ लिटरांहून थोडी अधिक, म्हणजे मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा खेळती ठेवावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करू. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त तापलेली हवा हलवून तेथे नवी हवा आणतो. म्हणून पंखा कितीही पळवला तरी चिप खोलीपेक्षा थंड होणार नाही. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही वाढतो. पुन्हा तोच घनाचा नियम!

एका घराण्याची कथा

वेगळ्या पेटीच्या संगणकात मोठा ठोकळा आणि मोठे पंखे मावतात. ऑल-इन-वनमध्ये मात्र सगळे पडद्यामागच्या पातळ पोकळीत कोंबायचे, आणि त्यात पडद्याचीही उष्णता मिसळते. या झगड्याचा इतिहास पाहायचा तर ॲपल कंपनीचे घराणे उत्तम.

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये पंखाच नव्हता. संगणक शांत असावा असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. तापलेली हवा वर चढते या अभिसरणाच्या तत्त्वावर माथ्याजवळच्या फटींतून ती बाहेर जाई. तो तापतो अशी तक्रार इतकी होती, की त्याच्या डोक्यावर बसवायचे पुठ्ठ्याचे धुराडेसुद्धा बाजारात आले होते! पुढे १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा आला. १९९९ च्या आयमॅकमध्ये तो पुन्हा काढून टाकण्यात आला आणि अभिसरणावर भिस्त ठेवण्यात आली.

२००४ मध्ये आयमॅकमधला संगणक सपाट पडद्यामागे गेला. त्या आयमॅकची जाडी सुमारे पाच सेंटिमीटर होती आणि आत 'जी-५' हा तापट प्रोसेसर होता. त्याच प्रोसेसरच्या मोठ्या पेटीच्या संगणकाला नऊ पंखे लागत आणि त्याच वर्षी त्याच्या सर्वांत वेगवान प्रकारात तर द्रवाने थंड करण्याची सोय करावी लागली. वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा वेग गाठू, असे २००३ साली जाहीर झाले होते. तो वेग कधीच आला नाही. दर वॅटमागे काम किती, हा प्रश्न पुढे करून २००५ मध्ये कंपनीने प्रोसेसरचे घराणेच बदलून इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले.

इंटेललाही हा धडा मिळालाच होता. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ आणण्याचा बेत तिने २००४ मध्ये सोडून दिला. नुसता वेग वाढवत राहण्याचे दिवस संपले आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचे दिवस आले. एका गाभ्याने धावण्यापेक्षा दोघांनी चालावे, हे घनाच्या नियमानुसार कमी उष्णतेत जमते.

२०२१ चा आयमॅक तर अवघा साडेअकरा मिलिमीटर जाडीचा निघाला. त्यातल्या 'एम-१' चिपवर १६०० कोटी ट्रान्झिस्टर होते, तरी छोट्या पंख्यांवर काम भागले. कारण चिपच मुळात थोड्या वॅटांत भागवणारी होती. रांजणाचे छिद्र मोठे करण्यापेक्षा नळाची धारच लहान केली!

करून पाहा

शिक्षकांच्या परवानगीने संगणकावर पाच-सहा मिनिटे चालणारे एकच भारी काम लागोपाठ आठ वेळा करा. प्रत्येक वेळी लागलेला वेळ घड्याळाने मोजा. तापमान दाखवणारी प्रणाली संगणकात असेल तर तो आकडाही लिहा. खोलीचे तापमान नोंदवा. आलेखाच्या कागदावर क्ष-अक्षावर फेरीचा क्रमांक आणि य-अक्षावर वेळ घ्या. रेषा आडवी राहिली तर संगणक निरोगी. ती चढत जाऊन मग स्थिरावली तर लगाम ओढला जात आहे. हाच प्रयोग सकाळी आणि दुपारी करून दोन्ही आलेख ताडून पाहा.

पातळ कागदाची एक पट्टी हवा बाहेर पडण्याच्या जाळीसमोर धरा. ती फडफडते की लोळागोळा पडून राहते, ते दोन्ही संगणकांवर पाहा.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ऑल-इन-वन संगणक स्वतः उघडू नका. पडद्यामागेच घरगुती विजेचे मंडल असू शकते आणि त्यातली धारित्रे वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतात. आतली सफाई, लेप बदलणे, पंखा बदलणे ही जाणत्या कारागिराची कामे आहेत.

तुमच्या हातात मात्र पुष्कळ आहे. संगणक भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. धूळ बसू नये म्हणून घातलेले कापडी आवरण संगणक चालू करण्यापूर्वी पूर्ण काढा. खिडकीतले ऊन पाठीवर येऊ देऊ नका. संगणक बंद करून, वायर काढून, बाहेरच्या जाळ्या कोरड्या मऊ ब्रशने पुसा. फळा जवळ असेल तर संगणकाची जागा बदला. भारी कामे शक्य तर सकाळी उरका. काही संगणकांत कमाल शक्तीवर मर्यादा घालण्याची सोय असते. थोडा वेग सोडून बरेच तापमान उतरवता येते, हे घनाच्या नियमाने तुम्हांला आता ठाऊक झाले आहे.

मग दुसऱ्या संगणकाचे काय करायचे? त्याची जाळी साफ होऊन पंखा आणि लेप बदलला गेला, तर त्याचा उष्णतारोध पुन्हा ०.८ च्या आसपास येईल आणि तो आपल्या भावाबरोबर दहा मिनिटांत काम उरकू लागेल. तसे न झाले तर त्याला भंगारात काढण्याचा विचार जरूर करावा. पण तो शेरा आलेख पाहून मारावा, पाठीला नुसता हात लावून नव्हे.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या खोलीचे तापमान ३० अंश, मर्यादा १०० अंश आणि उष्णतारोध १.४ असेल, तर चिपला किती वॅट परवडतील? आणि ६५ वॅटच्या मानाने तिचा वेग किती टक्के राहील? वहीत मांडून पाहा आणि शिक्षकांना दाखवा.